आबांचे सतरा दिवस

आमच्या औंढ्याच्या घरात आई सोडून सगळे भात खायचे. मावळात जिथं दारापुढच्या खाचरात भात, अंगणात भात, कणगीत भात, तिथं घरची बाई भाताला शिवत नाही हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. आम्हा बहिणींना वाटत नसे, कारण आम्ही कळत्या वयापासून तेच पाहिलं होतं. आई आंबेमोहर रांधायची, त्याचा वास पार गोठ्यापर्यंत जायचा. आबांना, ताईला, मला वाढून झालं की ती नाचणीची भाकरी आणि तळाशी राहिलेलं कालवण घेऊन चुलीपाशी बसायची. ताईच्या आधी आईची दोन मुलं गेली होती. एक तीन दिवसांचं, एक सव्वा महिन्याचं. ताईच्या आणि माझ्या मध्ये एक मुलगा झाला, तो रडलाच नाही म्हणे. दुसरं मूल गेलं तेव्हा आमची आजी, म्हणजे आबांची आई, भरल्या घरात आईला ‘पोरं खाणारी’ म्हणाली आणि मरेपर्यंत म्हणत राहिली. आईनं एकवीरेला बोलून ठेवलं, की माझं काय पाप असेल ते असो, पोर जगू दे, मी भात सोडते. पुढं ताई जगली, मी जगले. तिनं पुन्हा भाताचं शीत तोंडात घातलं नाही.

आबा वलवणच्या धरणावर पहारेकरी होते. धरणाचं पाणी सोडण्याआधी भोंगा व्हायचा, तो वारा असेल तसा आमच्या घरापर्यंत कधी यायचा, कधी नाही. आबा घरी असले आणि भोंगा झाला, की हातातलं काम थांबवून ते तो पुरता संपेपर्यंत ऐकत उभे राहायचे. तरुणपणी ते पलटणीत होते आणि लढाई संपल्यावर पलटणीबरोबर जपानला गेले होते, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणं म्हणजे कुणाच्या तरी आजोळच्या गावाचं नाव ठाऊक असावं तसं. मी लहान असताना विचारलं होतं, “आबा, जपान कसं असतं?” तर म्हणाले, “लांब असतं लय.” पुन्हा विचारलं नाही.

त्यांची एक सवय मात्र आमच्या अंगवळणी पडली होती. रविवारी न्हाऊन केस विंचरले, की आबा आमच्या हातातली फणी मागून घ्यायचे आणि दारात जाऊन उजेडाला धरायचे. तिच्यात किती केस आलेत ते बघायचे. मग आमचा ओठ अंगठ्यानं वर करून हिरड्या बघायचे. “हं, जावा खेळायला,” म्हणायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं करतात. शाळेत एका मैत्रिणीला तसं बोलले तर ती हसत सुटली होती.

मी सतरा वर्षांची होते त्या हिवाळ्यात ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला सातवा संपत आला होता. घरात डिंक फुटत होता, खारका कुटल्या जात होत्या. आई ताईला सकाळी हुलग्याचं माडगं पाजायची आणि ती ते नाक मुरडत प्यायची. भाताची झोडणी उरकली होती. त्याच दिवसांत एक दिवस डॉक्टरीणबाई आमचं घर विचारत आल्या. लोणावळ्यात वलवणच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता. निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. त्या काही वर्षं जपानातल्या एका इस्पितळात काम करून आल्या होत्या, येताना त्यांनी अणुबॉम्बनं केलेल्या नाशाचे फोटो आणि वस्तू आणल्या होत्या, आणि बंगल्याच्या पुढच्या तीन खोल्यांचं संग्रहालय केलं होतं. लोणावळ्याला येणारी माणसं चिक्की घेऊन, दरी बघून परत जायची. त्यांच्या दारात फारसं कुणी वळत नसे. धरणावरचा पहारेकरी जपानला जाऊन आलाय असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“तुम्ही तिथं होतात,” त्या ओटीवर बसून आबांना म्हणाल्या. “एकदा येऊन बघा तरी. मी काही मांडणीत चुकले असेन तर सांगा.”

“मला काय कळतंय त्यातलं,” आबा म्हणाले आणि म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले. म्हशीला तासाभरापूर्वीच पाणी दाखवलेलं होतं.

आई मात्र हरखली होती. एक शिकलेली बाई गाडी करून आपल्या दारात येते, नवऱ्याला मानानं बोलावते, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तिनं आठ दिवस धोशा लावला. “परदेश बघितलेला मानूस घरात हाय, आन आमाला कवा एक शबूद सांगितला न्हाई. आता बघायला मिळतंय तर चला की.” ताईलाही घरात बसून कंटाळा आला होता, तिला बाजारातला गरम वडा खायचा होता. शेवटी आबा कोट घालून अंगणात उभे राहिले. आईनं लग्नातली हिरवी साडी नेसली. त्या सकाळी आम्ही किती खुशीत निघालो होतो हे आठवलं, की आजही मला त्या चौघांना बांधावरच थांबवून मागं फिरवावंसं वाटतं.

बंगल्याच्या आत थंडी होती आणि फिनेलचा वास होता. डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठ्यांवर स्वतःच्या अक्षरात मराठी मजकूर लिहून तो फोटोंखाली लावला होता. पहिल्या खोलीत शहराचे फोटो होते, बॉम्बच्या आधीचे आणि नंतरचे. आधीच्यात घरं, पूल, नदीवर होड्या. नंतरच्यात काहीच नाही. एका काचेच्या पेटीत छपराचं कौल होतं, त्यावर फोड आले होते, भाकरीवर येतात तसे. आई म्हणाली, “मातीला फोड कसं येत्याल?” आणि पुढच्या फोटोपाशी गेली. तो एका बाईच्या पाठीचा होता. अंगावरच्या कापडाची नक्षी तिच्या कातडीवर जळून उमटली होती, चौकड्या चौकड्या. आई आपल्या साडीच्या काठावरून बोट फिरवत बराच वेळ तिथं उभी राहिली. आबा दारातच थांबले होते, टोपी हातात घेऊन.

दुसऱ्या खोलीत माणसांना नंतर काय काय झालं ते होतं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं एका पुठ्ठ्याकडं बोट दाखवलं. “ह्यात काय लिवलंय गं?” ताई तो मनात वाचत होती. तेव्हा मी पुढं झाले. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आलेला होता, आणि डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. मी खणखणीत आवाजात वाचायला लागले. स्फोटाच्या वेळी ज्या बायका गरोदर होत्या, त्यांच्यातल्या काहींची मुलं पोटातच गेली. काही लहान डोक्याची जन्मली. ती कधी नीट बोलली नाहीत. पूर्णविरामाला थांबून, शब्दांवर वजन देऊन मी वाचत होते, आणि ताईनं माझं मनगट धरलं तेव्हाच मला कळलं की मी काय वाचतेय आणि कुणासमोर. तिच्या हाताची पकड आजही मला मनगटावर सांगता येते, कुठून कुठपर्यंत होती ती.

त्याच्याच शेजारी एका मुलीचा फोटो होता. माझ्याच वयाची असेल. तिच्या मांडीवर फणी होती, आणि डोक्यावरचा एक अख्खा पुंजका फणीत आलेला होता. खालच्या मजकुरात केस गळण्याचं आणि हिरड्यांतून रक्त येण्याचं होतं, तो मी मोठ्यानं वाचला नाही. मागं वळून आबांकडं पाहिलं. ते आता खोलीच्या मध्यावर आले होते आणि त्याच फोटोकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी नजर खाली टाकली. दर रविवारी दारात उभं राहून ते काय शोधत होते ते मला त्या क्षणी समजलं, आणि माझ्या डोक्याच्या कातडीवरून मुंग्या गेल्या.

आई कधी मोठ्या माणसांना प्रश्न विचारायची नाही. त्या दिवशी तिनं विचारला. “बाई, बाँब पडला तवा जे तितं न्हवते, मागनं गेले, त्यांना बी काय झालं का?”

“काहींना झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “लगेच दोन-चार दिवसांत जे नातेवाइकांना शोधायला गेले, त्यांच्यात आजारी पडले काही जण. पण फार महिन्यांनी गेलेल्यांचं कुणी नक्की सांगू शकत नाही. पुढच्या मुलाबाळांचंही नाही.” बोलता बोलता त्यांचं लक्ष ताईकडं गेलं आणि मग आबांकडं. त्या एकदम थांबल्या. “तुम्ही बसता का जरा? चहा ठेवते.”

आईनं ते ऐकलंच नाही. “तुमी किती दिस व्हता तितं?” तिनं आबांना विचारलं.

“सतरा.”

एवढंच. चहा न घेता आम्ही निघालो. ताईनं वडा मागितला नाही आणि कुणी तिला विचारलाही नाही. वलवणच्या पुढं रस्ता धरणाच्या कडेनं जातो, तिथं रोजचे ओळखीचे लोक आबांना रामराम घालत होते आणि आबा हात वर करत होते. आई सगळ्यांच्या पुढं चालत होती. एरवी ती कधीच आबांच्या पुढं चालत नसे.

संध्याकाळी तिनं रोजच्यासारखा स्वयंपाक केला. भात, अळूचं फदफदं, भाकरी. पानं घेतली आणि कुणी घास उचलायच्या आधी ती म्हणाली, “आता सांगा.”

आबांनी ताटाकडं बघत सांगितलं. जहाजातून उतरल्यावर त्यांच्या तुकडीला सतरा दिवस त्या शहरातल्या रेल्वेच्या यार्डात पहारा होता. बॉम्ब पडून काही महिने झाले होते. “गाव म्हनून काय ऱ्हायलंच न्हवतं,” ते म्हणाले. “झोडणी झाल्यावर खळं दिसतं ना, तसं. पार डोंगरापतुर. मानसं पत्र्याखाली ऱ्हायची. यार्डाच्या कडंला एका म्हातारीनं राखंत रताळी लावली व्हती. ती उकडून आमाला द्यायची. आमी खायचो. लय गोड व्हती.” मग म्हणाले, “आमच्यात एक कंपौंडर व्हता. तो वरडायचा, हितलं पानी पिऊ नका, रताळी खाऊ नका, गावाकडं जाऊन पोरं झाली तरी टिकायची न्हाईत. आमी त्याची चेष्टा करायचो.”

“मंग?” आई म्हणाली.

“पयलं गेलं, तवा मला त्याचं बोलनं याद आलं.”

“पयलं गेलं तवा.”

“व्हय.”

“आन तुमची आई मला पोरं खानारी म्हनली, ती दुसऱ्या वक्ताला.”

“व्हय.”

“तवा तुमी हितंच ओटीवर बसलावता.”

आबांनी मान हलवली.

आईनं भाकरीचं ताट बाजूला सारलं. भाताचं पातेलं ओढलं, दुसरं ताट घेतलं आणि स्वतःला भात वाढून घेतला, चांगला मुदभर. ताई किंचाळलीच, “आई, नको! माझे दिवस भरत आलेत गं, आत्ता नको!” आईनं तिच्याकडं पाहिलं. “नवस मी माझ्या पापाचा केलता,” ती म्हणाली. “पाप माझं न्हवतंच.” आणि तिनं घास घेतला. पंचवीस-एक वर्षांनी. नुसता भात आणि मीठ. ती रडत नव्हती. चावून चावून, शेवटचं शीत संपेपर्यंत जेवली, आणि आम्ही तिघं हात न लावता तिच्याकडं बघत बसलो.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. ताईच्या पोटात बाळ हललं की ती बोटांवर मोजायची आणि हललं नाही की आणखी मोजायची. आई तिला कुशीत घेऊन झोपायची. आबांशी ती बोलायची ते जेवायला वाढू का, पाणी तापलंय का, एवढंच. आबा धरणावर जाताना लवकर निघू लागले आणि उशिरा परतू लागले. मी मला जमेल तशी ताईला हसवायला बघायचे, पण माझा आवाज ऐकला की ती तोंड फिरवायची. मी वाचलेलं तिच्या कानातून जात नव्हतं, आणि माझ्याही.

शिमग्याच्या आधी लोणावळ्याच्या दवाखान्यात ताईला मुलगा झाला. नीट, गोरा, भरपूर जावळाचा. आईनं त्याला उघडा करून उताणा, पालथा असा खिडकीपाशी नेऊन पाहिला. डोकं दोन्ही तळहातांत धरून पाहिलं. नर्स रागावली, “आजी, थंडी वाजेल त्याला.” तरी तिनं सोडलं नाही.

बारशाला बेडशाहून आत्या आली, आबांची मोठी बहीण. पाळणा हलत होता, काही बायका गात होत्या, काही घुगऱ्या खात होत्या. आत्या ताईच्या कानाशी लागली, पण तिचं हळू बोलणं म्हणजे सगळ्या अंगणाला ऐकू जाणारं. “बरं झालं बाई, आईच्या वळणावर न्हाई गेलीस. पयलं पोर हाती लागलं.” आई पाळण्याची दोरी धरून होती. ती खाली बघत राहिली. आबा बाहेर पुरुषांत बसले होते. ते उठले आणि बायकांच्या मधोमध येऊन उभे राहिले. गाणं थांबलं.

“आक्का,” ते म्हणाले, “माझ्या बायकोला आता कुनी बोलायचं न्हाई. ती तीन पोरं माझ्यापायी गेली. मी जपानातनं इख घेऊन आलो व्हतो अंगात. मला म्हाईत व्हतं, आन मी गप बसलो.”

“येडा झालास का रं!” आत्या म्हणाली. आबा तसेच उभे राहिले, त्यांना परत कसं जायचं ते सुचत नव्हतं. आईनंच शेवटी दोरी एका बाईच्या हातात दिली, त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना ओटीपर्यंत नेऊन बसवलं.

आईवरचा डाग त्या दिवशी पुसला गेला हे खरं. पण असा डाग पुसला की कुठंतरी लागतोच. आठ दिवसांत मावळभर झालं, की त्या घरात जपानचं काहीतरी आहे, रक्तात आहे. ताईच्या सासूनं तिला न्यायला माणूस धाडलाच नाही. सहा महिने ती मुलाला घेऊन आमच्याकडंच होती. एक दिवस दाजी एकटेच आले, घरच्यांना न विचारता. बाळाला मांडीवर घेऊन आबांना म्हणाले, “आबा, नाक बघा ह्याचं, पुरं माझ्यासारखं नाकाडं हाय. मी दोघांना घेऊन चाललो.” त्या माणसाचे उपकार आम्ही विसरलो नाही. माझ्यासाठी आलेली तीन स्थळं मात्र चहा पिऊन गेली आणि परत आली नाहीत. तिसऱ्याच्या मामानं तर तोंडावर विचारलं, “पोरीचं रगत तपासून घेतलंय का?”

मी नर्स झाले. डॉक्टरीणबाईंनीच मला पुण्यात शिकायला घातलं. आमच्या घरात जे झालं त्याबद्दल त्यांना काय वाटत असे ते त्या कधी बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर बंगला विकला गेला, तिथं आता पोहायच्या तलावाचं रिसॉर्ट आहे. शिकताना मला एक गोष्ट कळली. त्या काळात आमच्याकडं नाळ विळ्यानं कापायचे, आणि धनुर्वातानं कोवळी पोरं घरोघर जायची. माझी भावंडं त्यानंही गेली असतील. दुसऱ्या कशानं गेली असतील. जपानचा त्यात काही संबंध नसेलही. सुट्टीला घरी आले तेव्हा मी हे आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. “कुनाला सांगू नगंस,” ती म्हणाली. “एकदा उतरलाय माझ्यावरनं भार. तो परत कुटं ठिऊ मी?” आबा तेव्हा चांगले हिंडतेफिरते होते. पुढं सहा वर्षं जगले, आणि रक्ताच्या आजारानं गेले. डॉक्टर म्हणाले, या वयात होतो. मी त्यांना ती गोष्ट सांगितली असती तर त्यांची शेवटची वर्षं हलकी गेली असती. मी सांगितली नाही. हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझं लग्न उशिरा झालं. आईनं स्वतः माझ्या होणाऱ्या नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं, आणि त्यानं ते ऐकून होकार दिला. आमची एकच मुलगी, मीनल. ती लहान असताना तिला ताप आला, नाकातून रक्त आलं, खेळताना पायावर निळा डाग उठला, की आम्ही नवराबायको एकमेकांकडं बघायचो आणि उठून आपापल्या कामाला लागायचो. घरात तो विषय कधी निघाला नाही. हल्ली टीव्हीवर माणसं त्या बॉम्बबद्दल दिवाळीच्या फटाक्यांसारखी बोलतात, आपल्याकडं किती, त्यांच्याकडं किती. मी टीव्ही बंद करते. का, ते मीनलला ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात तिला तिसरा लागला. तळेगावच्या डॉक्टरकडं मी तिच्याबरोबर गेले. पोरसवदा डॉक्टर होती. तिनं फॉर्म भरताना विचारलं, “घरात कुणाची बाळं दगावलीत का? जन्मतः काही दोष, रक्ताचे आजार?” “नाही, काही नाही,” मीनल सहज म्हणाली. पेन पुढच्या ओळीवर गेलं.

“थांबा,” मी म्हणाले.

मी सांगितलं. पाच मिनिटांत सांगितलं, नर्स डॉक्टरला सांगते तसं. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकून घेत होती. “काकू, इतक्या पिढ्यांनी याचा काही संबंध नसतो,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली आणि तरीही तिनं समासात एक ओळ लिहिली. मीनल माझ्याकडं बघत होती.

बाहेर येऊन ती गाडीत बसली पण तिनं गाडी सुरू केली नाही. “आई,” ती म्हणाली, “तू मला हे आजपर्यंत का नाही सांगितलंस?”

“तुला कशाला उगीच...” मी म्हटलं.

“सांग मग आता. पहिल्यापासून. काही गाळू नकोस.”

मी सांगायला लागले. काचा बंद होत्या. सांगता सांगता माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्या पोटाकडं जात होती, मला ती आवरत नव्हती. मीनलनं ते पाहिलं. तिनं ओढणी ओढून पोटावर घेतली, आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.